राज्ययंत्र ताब्यात घ्यावे की मोडावे? : समाजवादी विचारातील एका वादाचे स्वरूप

समाजवादी चळवळीच्या इतिहासात क्रांतीच्या मार्गाविषयी जे वाद झाले त्यांचे वर्णन बहुधा ‘सुधारणा की क्रांती’, ‘संसद की उठाव’ अशा जोड्यांनी केले जाते. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे वस्तुतः भिन्न असलेले तीन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. सत्ता कोणत्या मार्गाने मिळवावयाची, हा पहिला प्रश्न. सत्ता मिळाल्यावर पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी उभारलेले सैन्य, पोलीस, नोकरशाही व न्यायालये यांचे काय करावयाचे, हा दुसरा. आणि जी नवी सत्ता उभी राहील तिच्यावर अंकुश कोणाचा राहणार, हा तिसरा. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणजे उरलेल्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात, असा समज वादातील बहुतेक पक्षांचा होता. हा समज कितपत टिकणारा आहे, हे १८७१ ते १९२० या काळातील, मुख्यतः जर्मनीत झालेल्या, वादाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल. त्या काळी जगातील सर्वांत मोठा व सर्वांत सुसंघटित समाजवादी पक्ष जर्मनीत होता, आणि रशियन क्रांतीच्या पुरस्कर्त्यांनीही आपली शस्त्रे याच वादाच्या भात्यातून घेतली.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम तीन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. ‘शासन’ म्हणजे काही काळापुरते अधिकारावर आलेले मंत्रिमंडळ. ‘राज्ययंत्र’ म्हणजे मंत्रिमंडळे आली गेली तरी जागच्या जागी राहणारी सैन्य, पोलीस व अधिकारी यांची स्थायी यंत्रणा. ‘राज्यसत्ता’ म्हणजे समाजातील मालमत्तेचे व वर्गांचे संबंध अखेरीस ज्या बळावर टिकून राहतात ते संघटित बळ. शासन हाती आले म्हणजे राज्ययंत्र हाती आले, आणि राज्ययंत्र हाती आले म्हणजे राज्यसत्ता हाती आली, असे म्हणता येईल काय? सगळा वाद या दोन दुव्यांभोवती फिरतो.

१. मार्क्सने मागे ठेवलेला प्रश्न

१८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात कामगारवर्गाने राज्यकर्ता वर्ग बनावे एवढे सांगितले आहे. जुन्या राज्ययंत्राचे काय करावे याचा तपशील तेथे नाही. लुई बोनापार्टच्या सत्ताग्रहणावर १८५२ साली लिहिलेल्या ग्रंथात मार्क्सने या प्रश्नाला प्रथम हात घातला. फ्रान्समध्ये प्रत्येक क्रांतीने केंद्रीभूत नोकरशाही व सैन्य यांचे यंत्र मोडण्याऐवजी ते अधिकच परिपूर्ण केले, असे त्याचे निरीक्षण होते. हे यंत्र मोडल्यानंतर त्याच्या जागी काय यावे, याचे उत्तर मात्र पुस्तकातून नव्हे तर पॅरिसच्या रस्त्यांवरून मिळाले.

१८ मार्च ते २८ मे १८७१ या काळात पॅरिसमध्ये कम्यूनची सत्ता होती. तिने खडे सैन्य रद्द करून शस्त्रधारी नागरिकांचे दल मान्य केले. सार्वजनिक पदांवरील वार्षिक वेतनाची कमाल मर्यादा ६,००० फ्रँक ठरवली. लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचे तत्त्व पुढे आणले. आणि कायदे करणे व ते अमलात आणणे ही दोन्ही कामे एकाच निर्वाचित मंडळाकडे दिली. कम्यूनचा पाडाव झाल्यावर दोनच दिवसांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या सर्वसाधारण मंडळापुढे मार्क्सने जे निवेदन वाचले, त्यात तयार राज्ययंत्र जसेच्या तसे उचलून कामगारवर्गाला आपल्या कामी लावता येणार नाही, हा निष्कर्ष काढला होता. पुढील वर्षी जाहीरनाम्याच्या जर्मन आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत त्याने व एंगेल्सने याच निष्कर्षाचा मुद्दाम उल्लेख केला.

परंतु याच मार्क्सने सप्टेंबर १८७२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील भाषणात इंग्लंड व अमेरिका यांसारख्या देशांत, आणि कदाचित हॉलंडमध्येही, कामगार शांततेच्या मार्गाने आपले ध्येय गाठू शकतील असे म्हटले. या दोन विधानांत वरवर पाहता विरोध दिसतो. तथापि पहिले विधान दुसऱ्या प्रश्नासंबंधी आहे, तर भाषणातील विधान पहिल्या प्रश्नासंबंधी. ज्या देशांत खडे सैन्य व अवाढव्य नोकरशाही नव्हती, तेथे मोडण्यासारखे यंत्रच लहान होते. म्हणून तेथील मार्गही वेगळा असू शकत होता. मार्क्सच्या लेखी मार्गाचा निर्णय यंत्राच्या स्वरूपावर अवलंबून होता. त्याच्या अनुयायांनी हा क्रम अनेकदा उलटा केला.

गोथा येथील पक्षकार्यक्रमावर १८७५ साली केलेल्या टीकेत संक्रमणकाळातील कामगारवर्गाच्या क्रांतिकारक हुकूमशाहीचा उल्लेख आला. ही टीका एंगेल्सने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. ‘हुकूमशाही’ हा शब्द येथे कोणत्या अर्थाने घ्यावयाचा, म्हणजे एका वर्गाच्या वर्चस्वाची स्थिती या अर्थाने की शासनाचा विशिष्ट प्रकार या अर्थाने, हे त्यात उलगडून सांगितलेले नव्हते. तिसऱ्या प्रश्नावरील पुढचे सारे रण याच एका शब्दावर माजले.

२. मतपेटीचे यश आणि एंगेल्सची प्रस्तावना

बिस्मार्कचा समाजवादविरोधी कायदा १८७८ ते १८९० असा बारा वर्षे अमलात होता. तो संपला त्या वर्षी पक्षाला राइशस्टागच्या निवडणुकीत १४ लाखांहून अधिक मते मिळाली. १८९१ च्या एर्फुर्ट कार्यक्रमाचा तात्त्विक भाग कार्ल काउट्स्कीने लिहिला, तर व्यावहारिक मागण्यांचा भाग एडुआर्ड बर्नस्टाइनने. पहिल्या भागात भांडवलशाहीच्या अटळ अंताचे भाकीत होते. दुसऱ्यात सार्वत्रिक मताधिकार, आठ तासांचा दिवस यांसारख्या मागण्या होत्या. या दोहोंना जोडणारा पूल, म्हणजे राज्यसत्तेचा प्रश्न, कार्यक्रमात नव्हता. मसुद्यावर अभिप्राय देताना एंगेल्सने ही उणीव दाखवली होती. जर्मन साम्राज्यात मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार नाही आणि लोकसत्ताक राज्याची मागणीही उघडपणे करता येत नाही. अशा देशात शांततेने समाजवादात प्रवेश करण्याची भाषा म्हणजे आत्मवंचना होय, असा त्याचा आक्षेप होता. हा अभिप्राय १९०१ पर्यंत अप्रकाशित राहिला.

एंगेल्सचे अखेरचे महत्त्वाचे लेखन म्हणजे मार्क्सच्या फ्रान्सविषयक जुन्या लेखमालेस मार्च १८९५ मध्ये लिहिलेली प्रस्तावना. १८४८ च्या पद्धतीची रस्त्यांतील नाकेबंदीची लढाई आता कालबाह्य झाली आहे. रुंद रस्ते, लोहमार्ग व सुधारलेल्या बंदुका यांमुळे सैन्याचे पारडे जड झाले आहे. आणि मताधिकाराचा जर्मन कामगारांनी केलेला उपयोग हे नवे शस्त्र आहे, असे प्रतिपादन तीत होते. शासन नवा दडपशाहीचा कायदा आणील या भीतीने पक्षनेत्यांनी तिखट वाक्ये गाळावयास लावली, आणि पक्षाच्या मुखपत्राने तर निवडक उतारेच छापले. कोणत्याही परिस्थितीत कायद्यालाच चिकटून राहणारा म्हणून आपले चित्र रंगवले गेले, अशी तक्रार एंगेल्सने काउट्स्कीला पत्राने कळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. संपूर्ण मूळ पाठ छापून येण्यास १९३० साल उजाडावे लागले. या मधल्या पस्तीस वर्षांत दोन्ही पक्ष या प्रस्तावनेचा दाखला देत राहिले. एंगेल्सने मार्ग बदलला होता. राज्ययंत्राविषयीचे मत बदलल्याचा पुरावा त्या प्रस्तावनेत नाही.

३. बर्नस्टाइन व लक्झेंबुर्ग

लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या बर्नस्टाइनने १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत व १८९९ च्या ग्रंथात एर्फुर्ट कार्यक्रमाच्या तात्त्विक भागालाच आव्हान दिले. मध्यमवर्ग नष्ट होत नाही, भागभांडवलाच्या कंपन्यांमुळे मालमत्ता काही प्रमाणात विखुरते, मोठी अरिष्टे अटळ नाहीत. तेव्हा पक्षाने आपण व्यवहारात आहोत तसे, म्हणजे लोकशाही सुधारणांचा पक्ष, असल्याचे मान्य करावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या दृष्टीने लोकशाही हे साधनही होते आणि साध्यही. राज्ययंत्र हे तटस्थ पात्र असून त्यात कोणता आशय भरावयाचा हे मतदार ठरवतात, असे त्याच्या विवेचनातून निघते.

रोझा लक्झेंबुर्ग हिने ‘सामाजिक सुधारणा की क्रांती’ या पुस्तिकेत याचा प्रतिवाद केला. सुधारणांना तिचा विरोध नव्हता. सुधारणांसाठीचा लढा हे कामगारांच्या शिक्षणाचे साधन आहे, असेच तिचे मत होते. तिचा आक्षेप निराळा होता. सरंजामी समाजातील विषमता कायद्याने निर्माण केलेली असल्यामुळे ती कायद्याने रद्द करता येत होती. मजुरीवर राबण्याची सक्ती मात्र कोणत्याही कायद्याने लादलेली नाही, ती कामगाराजवळ उत्पादनाची साधने नसण्यातून येते. मग ती केवळ कायदे करून कशी दूर होणार? हा युक्तिवाद आजही विचारार्ह आहे, कारण तो हिंसा-अहिंसेच्या वादात न शिरता संसदीय कृतीची कक्षा कोठे संपते हे दाखवतो.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये या चर्चेला विलक्षण मूर्त रूप आले. जून १८९९ मध्ये समाजवादी नेता मिलराँ वाल्देक-रूसोच्या मंत्रिमंडळात गेला. त्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री म्हणून कम्यूनच्या कत्तलीत भाग घेतलेला सेनापती गॅलिफे बसला होता. शासनात जागा मिळणे म्हणजे राज्यसत्ता मिळणे नव्हे, ही गोष्ट सांगण्यासाठी टीकाकारांना दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

जर्मन पक्षाने १९०३ मध्ये ड्रेस्डेन येथील अधिवेशनात बर्नस्टाइनच्या मताचा मोठ्या बहुमताने निषेध केला. पण ठरावात जे हरले ते व्यवहारात चालूच राहिले. कामगार संघांचे कार्यालय, पक्षाची वृत्तपत्रे, नगरपालिकांतील सभासद, विमा मंडळांवरील प्रतिनिधी असा मोठा व्याप पक्षाभोवती उभा राहिला होता, आणि हा व्याप जपणे हेच अनेकांचे जीवनकार्य बनले होते.

४. डावपेचांचा वाद : १९१०

१९०५ च्या रशियन क्रांतीने सार्वत्रिक संपाचे शस्त्र पुढे आणले. त्या अनुभवावर लक्झेंबुर्ग हिने १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली. असा संप मध्यवर्ती समितीच्या आज्ञेने ठराविक दिवशी सुरू करता येत नाही. आर्थिक व राजकीय लढे एकमेकांना चेतवीत जातात आणि संघटना ही लढ्याची पूर्वअट असण्यापेक्षा बऱ्याचदा त्याचे फलित असते, असा तिचा सिद्धांत होता. याउलट १९०५ च्या कामगार संघ परिषदेने अशा संपाची चर्चादेखील धोक्याची ठरवली होती; आणि १९०६ मध्ये मानहाइम येथे पक्षाने या बाबतीत संघांच्या संमतीविना पाऊल न टाकण्याचे मान्य केले.

१९१० मध्ये प्रशियाच्या मताधिकाराच्या प्रश्नावर हा वाद पुन्हा पेटला. प्रशियात भरलेल्या कराच्या प्रमाणात मतदारांचे तीन वर्ग केलेले होते. एकूण करापैकी पहिला तृतीयांश भरणारे मूठभर धनिक, दुसरा तृतीयांश भरणारे मध्यम लोक आणि उरलेली बहुसंख्य जनता यांना निर्वाचक मंडळात सारखेच प्रतिनिधी मिळत; मतदानही उघड व अप्रत्यक्ष असे. परिणामी १९०८ च्या निवडणुकीत सुमारे एक चतुर्थांश मते मिळूनही समाजवाद्यांच्या पदरी केवळ ७ जागा पडल्या. या अन्यायाविरुद्ध मोठी निदर्शने झाली, तेव्हा संपाकडे वळावे असे लक्झेंबुर्ग हिने लिहिले. काउट्स्कीच्या संपादकत्वाखालील साप्ताहिकाने तो लेख छापण्याचे नाकारले.

आपल्या उत्तरात काउट्स्कीने हान्स डेलब्र्युक या लष्करी इतिहासकाराकडून एक भेद उसना घेतला. शत्रूला थकवून जेरीस आणण्याची एक नीती आणि निर्णायक लढाईत त्याचा पाडाव करण्याची दुसरी. जर्मनीत पक्ष वर्षावर्षाला वाढत असता वेळेआधी निकराची लढाई घेणे म्हणजे जमवलेले सारे पणाला लावणे होय; १९१२ ची निवडणूक जवळ आली आहे, तोवर थकवण्याचीच नीती योग्य, असे त्याचे म्हणणे होते. निवडणुकीचा निकाल त्याच्या बाजूने लागला. पक्षाला ४२ लाखांहून अधिक मते व ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या. परंतु चॅन्सेलरची नेमणूक सम्राटच करीत होता, सैन्य सम्राटालाच बांधलेले होते, आणि प्रशियाचा मताधिकार १९१८ पर्यंत बदलला नाही. थकवण्याच्या नीतीत नेमके कोण थकत होते, हा लक्झेंबुर्ग हिच्या टीकेतील गर्भित प्रश्न अनुत्तरित राहिला.

५. पानेकुकचा सिद्धांत

राज्ययंत्राचा प्रश्न पुन्हा स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय आन्तोन पानेकुक या डच विद्वानाकडे जाते. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेला हा विचारवंत काही वर्षे जर्मनीत पक्षकार्य करीत होता. १९१२ मध्ये त्याने असे प्रतिपादन केले की, कामगारांचा लढा राज्यसत्ता ‘साठी’ आहे तसाच राज्यसत्ते‘विरुद्ध’ही आहे. राज्याचे बळ त्याच्या संघटनेत असते; कामगारांचे बळही संघटनेत असते; सामुदायिक कृतीत दुसरी संघटना पहिलीला क्रमाक्रमाने निकामी करते आणि लढ्याच्या शेवटी राज्याची संघटना विघटित झालेली असते.

काउट्स्कीचे उत्तर मार्मिक होते. आजवर समाजवादी व अराजकवादी यांत भेद हाच होता की पहिल्यांना राज्यसत्ता मिळवावयाची होती आणि दुसऱ्यांना ती नष्ट करावयाची होती. पानेकुकला दोन्ही हवे आहे, असे त्याने म्हटले. मग त्याने एकेक खाते घेऊन विचारले की, यांतील कोणते खाते समाजवादी शासनाला बंद करता येईल? शिक्षण की अर्थ, न्याय की आरोग्य? पक्षाचे उद्दिष्ट पूर्वीप्रमाणेच राहील, ते म्हणजे संसदेत बहुमत मिळवणे आणि संसदेला शासनाची स्वामिनी करणे.

या वादात दोघेही एकमेकांच्या मुद्द्याला बगल देत होते. खाते आवश्यक आहे म्हणजे त्याची सध्याची रचना, भरती, शिस्त व निष्ठा आवश्यक आहे असे सिद्ध होत नाही. उलट, यंत्र विघटित झाले म्हणजे त्याची कामे कोण व कोणत्या नियमांनी करील, याचे उत्तर पानेकुकजवळ केवळ ‘कामगारांची संघटना’ एवढेच होते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी पक्षाने युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले आणि वादाचे स्वरूपच पालटले. सत्ता हस्तगत करू पाहणारा पक्ष स्वतःच राज्ययंत्राचा भाग बनू शकतो, ही शक्यता दोघांच्याही विवेचनात पुरेशी धरलेली नव्हती.

६. लेनिनचे ‘राज्य आणि क्रांती’

लेनिनने हा सारा वाद झुरिकमध्ये १९१७ च्या आरंभी नव्याने अभ्यासला. बुखारिनने राज्यविरोधी भूमिका मांडली तेव्हा त्याने आधी तिच्यावर टीकाच केली होती. मार्क्स-एंगेल्सचे उतारे एकत्र लावल्यावर त्याचे मत बदलले. ऑगस्ट-सप्टेंबर १९१७ मध्ये, अटकेच्या भीतीने भूमिगत असताना, त्याने ‘राज्य आणि क्रांती’ हा ग्रंथ लिहिला. काउट्स्की-पानेकुक वादात पानेकुकची मांडणी संदिग्ध असली तरी बाजू त्याचीच खरी, असा निवाडा त्याने दिला. मार्क्सने इंग्लंड-अमेरिकेपुरता ठेवलेला अपवाद महायुद्धाच्या काळात उरलेला नाही, कारण तेथेही लष्करी व नोकरशाही यंत्र उभे राहिले आहे, असे त्याने दाखवले. येथे त्याने मार्क्सच्या तर्काचा क्रम बरोबर पाळला आहे. यंत्र बदलले म्हणून मार्गही बदलला.

राज्याची कामे कोण करणार याचे उत्तरही त्याने दिले. मोठ्या उद्योगांनी व टपालखात्यासारख्या संस्थांनी हिशेब व देखरेख ही कामे इतकी सोपी केली आहेत की कोणताही साक्षर मनुष्य ती पाळीपाळीने करू शकेल. सर्वच काही काळ ‘नोकरशहा’ झाले म्हणजे कोणीच नोकरशहा उरणार नाही.

या ग्रंथातील एक अनुपस्थिती लक्षणीय आहे. पुढील काळात ज्या पक्षाने सर्व सत्ता हाती घेतली त्याचा विचार यात नाममात्र आहे. अनेक पक्ष, विरोधी मते, वृत्तपत्रे यांच्या स्थानाची चर्चा नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके पूर्ण वाटले की तिसरा प्रश्न सुटलाच असे गृहीत धरले गेले. १९०५ व १९१७ च्या अनुभवावरील शेवटचे प्रकरण लिहावयाचे राहिले, कारण प्रत्यक्ष क्रांतीच आड आली.

त्यानंतरचा इतिहास बोलका आहे. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांचे बंड मोडून काढण्यात आले आणि त्याच महिन्यात भरलेल्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. १९२२-२३ च्या अखेरच्या लेखनात लेनिनने स्वतःच कबूल केले की सोव्हिएत राज्याची यंत्रणा बव्हंशी झारच्या काळातीलच आहे आणि तिच्यावर नवा रंग तेवढा चढला आहे. यंत्र मोडण्याचा सिद्धांत ज्याने सर्वांत निःसंदिग्धपणे मांडला, त्यालाच पाच वर्षांनी ते यंत्र मागल्या दाराने परत आल्याचे दिसले.

७. तिसरा प्रश्न : १९१८ चा त्रिकोण

नोव्हेंबर १९१७ मध्ये निवडून आलेल्या संविधान सभेत बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते होती. जानेवारी १९१८ मध्ये सभा एकाच बैठकीनंतर विसर्जित करण्यात आली. त्याच वर्षी काउट्स्कीने ‘कामगारवर्गाची हुकूमशाही’ ही पुस्तिका लिहिली. मार्क्सने हा शब्द वर्गवर्चस्वाची स्थिती या अर्थाने वापरला, शासनाचा प्रकार म्हणून नव्हे. लोकशाहीवाचून समाजवाद असंभवनीय आहे. आणि सार्वत्रिक मताधिकार रद्द करणारा पक्ष अखेर एका वर्गाची नव्हे तर त्या वर्गातील एका भागाची सत्ता स्थापन करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. लेनिनने तत्काळ कठोर उत्तर दिले. वर्गातीत ‘शुद्ध लोकशाही’ अशी वस्तूच नाही. सोव्हिएत ही श्रमिकांसाठी कोणत्याही संसदेहून अधिक लोकशाही संस्था आहे. पण मालकवर्गाचा मताधिकार काढून घेणे ही रशियातील विशिष्ट परिस्थितीची गोष्ट असून या हुकूमशाहीचे आवश्यक लक्षण नव्हे, असेही त्याने त्याच पुस्तकात म्हटले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

तिसरी भूमिका ब्रेस्लाउच्या तुरुंगातून आली. लक्झेंबुर्ग हिने रशियन क्रांतीवर लिहिलेली टिपणे तिच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये, पॉल लेव्हीने प्रसिद्ध केली. सत्ता घेण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल ती बोल्शेविकांचा गौरव करते आणि वाट पाहत बसणाऱ्या काउट्स्कीचा निषेध करते. तथापि संविधान सभा जुन्या मनःस्थितीची प्रतिनिधी झाली होती, तर नव्याने निवडणुका घ्यावयाच्या होत्या, असे ती स्पष्ट म्हणते. मुक्त वृत्तपत्रे, सभा व निवडणुका नसतील तर सार्वजनिक संस्थांतील जीवन आटून जाईल आणि नोकरशाही हाच एकमेव सजीव घटक उरेल, हे तिचे निदान होते. स्वातंत्र्याची गरज ती केवळ न्यायबुद्धीने सांगत नाही. समाजवादाचा तयार आराखडा कोणाच्याही खिशात नसल्यामुळे चुका करीत शिकणे अटळ आहे, आणि विरोधी मताला वाव असेल तरच चुका उमगतात, असा तिचा ज्ञानविषयक युक्तिवाद आहे.

या तिघांची उत्तरे तीन प्रश्नांच्या कसोटीवर लावली तर रूढ वर्गीकरणाचा अपुरेपणा दिसतो. पहिल्या व दुसऱ्या प्रश्नावर लक्झेंबुर्ग लेनिनच्या जवळ आहे. तिसऱ्यावर ती त्याच्यापासून दूर जाते आणि काउट्स्कीच्या शेजारी येते, मात्र त्याच्याहून वेगळ्या कारणांनी.

८. जर्मनीतील कसोटी

९ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मन सम्राटाची सत्ता कोसळली आणि शासन समाजवाद्यांच्या हाती आले. दुसऱ्याच दिवशी एबर्टने सैन्याच्या श्रेष्ठींशी समझोता केला. अधिकारीवर्ग व शिस्त अबाधित राहील, त्या मोबदल्यात सैन्य नव्या शासनाला साहाय्य करील. डिसेंबरमध्ये बर्लिन येथे भरलेल्या कामगार-सैनिक मंडळांच्या परिषदेने स्वतःच मोठ्या बहुमताने राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीचा निर्णय घेतला. लक्झेंबुर्ग हिने पक्षाच्या स्थापना अधिवेशनात या निवडणुकीत भाग घेण्याची बाजू मांडली, पण ती हरली. १५ जानेवारी १९१९ रोजी स्वयंसेवक सैन्यदलाच्या लोकांनी तिची हत्या केली. काउट्स्कीच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समाजीकरण आयोगाला अर्थव्यवहार खात्याने दाद दिली नाही आणि त्याच्या सभासदांनी राजीनामे दिले. कोणते खाते बंद करता येईल, असे सहा वर्षांपूर्वी विचारणाऱ्या लेखकाला खात्यांनीच हे उत्तर दिले.

१३ मार्च १९२० रोजी काप व ल्युटविट्झ यांनी बर्लिनवर कब्जा केला. सैन्यश्रेष्ठींनी बंडखोरांवर सैन्य पाठवण्याचे नाकारले आणि शासनाला राजधानी सोडावी लागली. जे यंत्र शासनाने जपले होते त्याने ऐन वेळी पाठ फिरवली; येथे पानेकुक खरा ठरला. परंतु खात्यांतील अनेक अधिकाऱ्यांनी बंडखोरांच्या आज्ञा मानल्या नाहीत, मध्यवर्ती बँकेने त्यांना पैसा दिला नाही. म्हणजे यंत्र एकसंध नव्हते, त्यात चिरा होत्या. आणि ज्या सार्वत्रिक संपाला संघांचे पुढारी एकेकाळी बिचकत होते, त्याच संपाने पाच दिवसांत बंड संपुष्टात आणले. क्रांतीचे शस्त्र म्हणून सांगितलेला संप लोकसत्ताक संसदीय राज्याचे रक्षण करण्याच्या कामी आला. मार्ग व ध्येय यांची जी कायमची जोडी दोन्ही पक्षांनी लावून दिली होती ती इतिहासाने अशी मोडली.

९. उत्तरकालीन पडसाद

मुसोलिनीच्या तुरुंगात ग्राम्शीने हा धागा पुन्हा उचलला. रशियात राज्य हेच सर्वस्व होते. पश्चिमेत राज्यामागे शाळा, चर्च, वृत्तपत्रे, पक्ष यांची दाट तटबंदी असते, म्हणून तेथे झटपट चढाईपेक्षा ठाण्याठाण्यावरील दीर्घ युद्ध आवश्यक, असे त्याने मांडले. १९१० मधील दोन नीतींशी असलेले याचे साम्य उघड आहे. परंतु ग्राम्शीने थकवण्याच्या नीतीला वाट पाहण्याचे नव्हे तर मने घडवण्याचे काम दिले. चिलीत १९७० मध्ये सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झालेल्या आयेंदेचे शासन ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने उलथले. त्यावरून इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा नेता बेर्लिंग्वेर याने असा धडा घेतला की ५१ टक्के मतेही पुरेशी नाहीत, अधिक व्यापक युती हवी. इतरांनी त्याच घटनेवरून संसदीय मार्गच फोल ठरवला. एकाच अनुभवातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले, कारण एकाने पहिला प्रश्न विचारला होता, दुसऱ्याने दुसरा.

महाराष्ट्रातही या वादाचे पडसाद उमटले. श्रीपाद अमृत डांगे यांची ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका १९२१ मध्ये मुंबईत निघाली, आणि आचार्य शं. द. जावडेकर यांनी सत्याग्रही समाजवादाची मांडणी केली. या दोन्ही लेखनांचा रोख मुख्यतः साधनांच्या प्रश्नावर होता. तिसऱ्या प्रश्नाला थेट भिडणारी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या निवेदनात आढळते. मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, असे त्यांनी सुचवले. पण अशी व्यवस्था टिकवण्यास हुकूमशाही लागते आणि हुकूमशाहीत व्यक्तिस्वातंत्र्य उरत नाही. उलट संसदीय लोकशाहीत आजच्या बहुमताने केलेले उद्याचे बहुमत मोडू शकते. या पेचातून वाट म्हणून समाजवादी अर्थरचना कायद्याने नव्हे तर संविधानानेच निश्चित करावी, असा उपाय त्यांनी पुढे ठेवला. भारताच्या संविधानाने तो स्वीकारला नाही. तथापि काउट्स्की व लेनिन यांच्या वादात ज्याला जागा नव्हती असा पर्याय, म्हणजे सत्तेवरील अंकुश सत्ता मिळण्यापूर्वीच लिहून ठेवणे, त्यात आहे.

समारोप

या वादाच्या अभ्यासातून काही मर्यादित निष्कर्ष काढता येतात. शासन हाती येणे व राज्ययंत्र हाती येणे यांत अंतर आहे, हे बर्नस्टाइनच्या विरोधकांनी योग्य रीतीने दाखवले. ते अंतर किती, हे मात्र देशादेशांच्या यंत्राच्या घडणीवर अवलंबून राहते आणि त्याचे उत्तर सिद्धांतातून काढता येत नाही. जुने यंत्र मोडल्याने नवे यंत्र लोकांच्या अधीन राहील, असे निष्पन्न होत नाही. रशियाचा अनुभव याची साक्ष देतो. तसेच लोकशाही संस्था जपल्याने जुने यंत्र त्यांच्या अधीन होते, असेही नाही. जर्मनीचा अनुभव त्याची साक्ष देतो. विद्यार्थ्याने या परंपरेतील कोणताही ग्रंथ हाती घेताना लेखक तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, आणि उरलेल्या दोहोंबाबत तो काय गृहीत धरून चालला आहे, हे प्रथम तपासावे. ज्या प्रश्नावर ग्रंथ मौन पाळतो, नेमक्या त्याच प्रश्नावर पुढे इतिहासाने त्याची परीक्षा घेतली आहे.